नारायण पेठेतले बाइंडिंगवाले काका आणि समुद्राने गिळलेल्या बेटाची बखर

पुस्तक बांधून घ्यायचं तर पुण्यात आता कुठे जायचं, हा प्रश्न मी गेल्या वर्षभरात दहाबारा जणांना तरी विचारला असेन आणि त्यातल्या निम्म्यांनी "स्पायरल करून टाक ना" एवढंच सांगितलं. म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितेय, कारण पुस्तक नीट शिवून, वर्षानुवर्षं टिकेल असं बांधून देणारे एक काका अजून आहेत आणि ते भर नारायण पेठेत आहेत. दुकानाला पाटी नाही. पत्र्या मारुतीच्या आसपास कुणालाही "बाइंडिंगवाले काका" विचारा, हात करून दाखवतात. जुन्या वाड्याच्या तळमजल्यावरची एक लांबट खोली, दारातच लोखंडी दाबाचं मशीन, भिंतीला लागून पुठ्ठ्यांच्या थप्प्या, आणि खळीचा तो ओळखीचा वास, जो लहानपणी शाळेच्या वह्यांना कव्हर घालताना यायचा.

मी जर्मनमधून भाषांतरं करते. रानडे इन्स्टिट्यूटला शिकले, आता बहुतेक काम चाकणच्या कंपन्यांचं, मशीनची मॅन्युअलं, सेफ्टीच्या सूचना वगैरे. तीनेक वर्षांपूर्वी पाणी उपसायच्या पंपांचं एक मोठं काम आलं होतं, त्यात समुद्राकाठच्या बांधांचे आणि त्यातल्या पाणी सोडायच्या दारांचे एकेक शब्द असे होते की डिक्शनरीत अर्थ सापडायचा पण डोळ्यापुढे काही उभं राहायचं नाही. ते शोधता शोधता मी आंटोन हाइमराइख या माणसापर्यंत पोचले आणि मग काम संपलं तरी हा माणूस काही सुटला नाही.

हाइमराइख पाद्री होता, जर्मनीच्या पार उत्तरेला, डेन्मार्कच्या हद्दीजवळ, नॉर्डफ्रीसलँडच्या किनाऱ्यावर. जन्म १६२६, मृत्यू १६८५. त्याने आपल्या भागाचा इतिहास लिहिला, "नॉर्डफ्रेसिशे क्रोनिक" म्हणजे सरळ मराठीत उत्तर फ्रिसियाची बखर, पहिल्यांदा छापली १६६६ मधे आणि दोनच वर्षांनी १६६८ मधे सुधारून परत. पुढे त्याच्या मुलाने, हाइनरिखने, त्यात भर घातली, आणि दीडशे वर्षांनी कील विद्यापीठातल्या निकोलाउस फाल्क या कायद्याच्या प्राध्यापकाने बापाची टिपणं आणि मुलाची भर एकत्र करून १८१९ मधे टोंडर्नला तिसरी आवृत्ती काढली. टोंडर्न आज डेन्मार्कमधे आहे, १९२० पासून, पण पुस्तक जर्मनच. आपल्याकडे इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी गावोगाव दप्तरं धुंडाळून १८९८ ला मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, तसंच हे काम, फक्त ऐंशी वर्षं आधीचं. अशा एकेका माणसाने मनावर घेतलं म्हणून आपल्या हातात काहीतरी उरतं, असं मला फार वाटतं.

तर मला ती १८१९ ची आवृत्ती कागदावर हवी होती. स्क्रीनवर मी प्रयत्न केला, पण फ्राक्टुर म्हणजे ती जुनी टोकदार जर्मन अक्षरं स्क्रीनवर तासभर वाचली की माझं डोकं चढतं. आधी ऑनलाइन मागवलं. जुन्या पुस्तकांचे स्कॅन घेऊन ऑर्डर आली की छापून पाठवणाऱ्या कंपन्या आहेत ना, त्यातल्याच एकीकडून. दोन हजारांच्या वर पैसे गेले आणि आलं काय, तर चकचकीत कव्हरवर कुठल्यातरी भलत्याच डोंगराचा फोटो (तिथे डोंगर औषधालाही नाही, सगळी सपाट जमीन, समुद्रसपाटीच्या आसपास), आत पानं वाकडी, काही पानं दोनदा, काही गायब, मधली मार्जिन इतकी कमी की ओळीची शेवटची अक्षरं कण्यात गडप, आणि सगळी सुटी पानं नुसती गरम गोंदाने चिकटवलेली, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात पुस्तकाचे सरळ दोन तुकडे. परत घेणार नाही म्हणाले, कारण "ऑर्डरप्रमाणे छापलंय".

पण खरा त्रास वेगळाच होता, तो ज्यांनी फ्राक्टुर वाचलंय त्यांनाच कळेल. या लिपीत स दोन प्रकारचा असतो, त्यातला लांब स आणि फ हे अगदी जुळ्या भावांसारखे दिसतात. फरक काय, तर फ ला मधे एक बारीकशी आडवी रेघ दोन्ही बाजूंना असते, आणि स ला ती एकाच बाजूला असते किंवा नसतेच. म्हणजे 'झाइन' (उच्चार झ चा, पण लिहितात स ने) म्हणजे असणं आणि 'फाइन' म्हणजे छान, नाजूक, या दोन शब्दांत केसाएवढ्या रेघेचा फरक. छपाई खराब असली की ती रेघ आधी उडते. त्यात १७ व्या शतकातलं स्पेलिंग, एकच शब्द एका पानावर तीन प्रकारे. मोडी शिकलेल्यांना हे लगेच कळेल, घाईत लिहिलेलं अक्षर आणि वर पुसट झेरॉक्स, मग आपण वाचत नाही, नुसता अंदाज करत बसतो. मला अंदाज करायचा नव्हता.

शेवटी मीच नेटवरून चांगला स्कॅन उतरवला. परदेशातल्या मोठ्या लायब्ऱ्यांनी अशी जुनी पुस्तकं फुकट ठेवलीयत आणि चांगल्या रिझोल्यूशनमधे, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. पानं सरळ केली, मागचा पिवळेपणा काढला, मार्जिन वाढवली. दोन महिन्यांचे रविवार गेले. आणि पेनड्राइव्ह घेऊन काकांकडे गेले.

काकांनी आधी ते फुटलेलं पुस्तक हातात घेतलं, उघडलं, नाकाजवळ नेलं, कण्यावरचा गोंद नखाने उचकटून पाहिला आणि म्हणाले, "ताई, हे पुस्तक नाहीये, हा पॅड आहे. पॅडची पानं फाडायचीच असतात." मग मी आणलेल्या नमुना प्रिंटकडे बघून विचारलं, "ही मोडी आहे का?" मी म्हटलं नाही काका, जर्मन आहे, जुनी लिपी. त्यांनी चष्मा वर करून पान खिडकीच्या उजेडात धरलं आणि बराच वेळ पाहिलं, आणि मग अक्षराबद्दल काहीच न बोलता म्हणाले, "कागद चुकलाय."

हे मला नवीन होतं. कागदाला दिशा असते, कारखान्यात बनताना त्यातले धागे एका बाजूला पडतात, आणि पुस्तकात ते धागे कण्याला समांतर असायला हवेत. आपण बाजारातून जी ए-फोरची रीम आणतो तिच्यात बहुतेक वेळा धागे उभे असतात, म्हणजे तो कागद मधे दुमडून छोटं पुस्तक केलं की धागे नेमके आडवे येतात, पान उलटताना ताठ राहतं, घडीवर तडकतं, पावसाळ्यात कण्याशी लाटा येतात. काकांनी कागदाची एक पट्टी उभी आणि एक आडवी फाडून दाखवली, एक सरळ रेषेत फाटली आणि दुसरी वेडीवाकडी. दोन पट्ट्या जिभेने ओल्या करून दाखवल्या, एक लगेच नळीसारखी वळली. मी इतकी वर्षं कागदाशी काम करतेय आणि मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मग त्यांनी मला मोठा ताव आणायला सांगितला, नॅचरल शेडचा, ७० जीएसएम, आणि तो धाग्याच्या दिशेने कापून दिला. छपाई मी माझ्या नेहमीच्या झेरॉक्सवाल्याकडून करून घेतली, त्यालाही काकांनी फोनवरून सांगितलं की कागद ट्रेमधे कसा घालायचा ते.

छपाई सोळा पानी फर्म्यात करायची, म्हणजे चार कागद एकात एक दुमडले की सोळा पानं, असा एक फर्मा. पानांचा क्रम लावायला सॉफ्टवेअर आहे, पण माझे पहिले दोन फर्मे चुकले, काकांनी नुसती घडी उघडून पाच सेकंदांत चूक दाखवली. मग प्रत्येक फर्मा घडीतून दाभणाने टोचून मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायचा आणि शेजारच्या फर्म्याशी गाठ मारत जायचं, ही जुजबंदी. कणा हातोडीने हलके हलके ठोकून गोल करायचा, त्यावर मलमलीची पट्टी, मग पुठ्ठा, मग कापड. खळ ते स्वतः शिजवतात, मैद्याची, त्यात मोरचूद घालून, कसर लागू नये म्हणून. कव्हरला रेक्झिनही देतात पण मला कॅलिको कापडच घ्यायला लावलं, गडद निळं. "रेक्झिन दहा वर्षांत सोलतं, कापड राहतं," एवढंच स्पष्टीकरण.

आता मी इथे जो भाग लिहिणारे त्याचा बाइंडिंगशी काय संबंध असं कुणाला वाटेल, पण माझ्यासाठी तोच मुख्य आहे.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा काका शिवता शिवता म्हणाले, एवढा जीव टाकताय तर पुस्तकात आहे तरी काय. मी सांगायला लागले. हाइमराइख ज्या बेटावर जन्मला त्याचं नाव श्ट्रांड. मोठं बेट, बांध घालून समुद्रापासून राखलेलं, शेती, गुरं, पवनचक्क्या, गावोगाव चर्च. तो आठ वर्षांचा होता तेव्हा, १६३४ च्या ऑक्टोबरमधे, ११ तारखेच्या रात्री, म्हणजे त्यांच्याकडच्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे, उत्तर समुद्रात वादळ आलं आणि एका रात्रीत बांध ठिकठिकाणी फुटले. सगळ्या किनाऱ्यावर मिळून ८,००० ते १५,००० माणसं गेली असं धरतात. एकट्या श्ट्रांडवर ६,१२३ हा आकडा चालत आलाय, म्हणजे बेटावरची निम्म्याहून जास्त माणसं. १,३०० च्या वर घरं, तीसेक पवनचक्क्या. आणि बेट परत कधी एक झालंच नाही, मधला भाग समुद्राने कायमचा घेतला. आज नकाशात पाहिलं तर पश्चिमेला पेलवॉर्म, पूर्वेला नॉर्डश्ट्रांड, आणि त्यांच्या आसपास एक चिमुकला तुकडा, नॉर्डश्ट्रांडिशमोर, जो पूर्वी बेटावरची उंचवट्याची दलदलीची पडीक जमीन होता, जिथे आधी कुणी राहायला जात नव्हतं. पुरातून वाचलेले लोक तिथे जाऊन राहिले. आणि हाइमराइख मोठा होऊन पाद्री झाला तो त्याच तुकड्यावर. १८१९ च्या आवृत्तीच्या पहिल्या पानावर त्याच्या नावापुढे तेच लिहिलंय, नॉर्डश्ट्रांडिशमोर बेटावरचा दिवंगत धर्मोपदेशक.

काकांनी सुई खाली ठेवली आणि विचारलं, "बांध कुणाचे होते?"

हा प्रश्न मला फार आवडला, कारण बखरीचं मर्म तोच आहे. बांध शेतकऱ्यांचे होते. ज्याची जितकी जमीन त्याच्या वाट्याला बांधाचा तितका तुकडा, तो राखायची जबाबदारी त्याची, आणि ज्याला झेपत नसेल त्याने आपलं फावडं बांधात रोवायचं आणि जमीन सोडून चालू पडायचं. जो ते फावडं उपटेल त्याची जमीन आणि त्याचाच बांध. त्यांच्याकडे म्हणच आहे, बांध घालायचा नसेल त्याने वाट धरावी. आता १६३४ नंतर श्ट्रांडवरच्या उरलेल्या लोकांकडे ना माणसं ना गुरं ना पैसा, भरतीचं पाणी रोज शेतात, बांध कुठून उभे करणार? पेलवॉर्मचे लोक काही वर्षांत सावरले, नॉर्डश्ट्रांडला जमलं नाही. अठरा वर्षं वाट पाहून १६५२ मधे तिथल्या ड्यूकने हाच फावड्याचा कायदा लावून त्यांची जमीन काढून घेतली आणि बाहेरून आलेल्या डच भांडवलदारांना दिली, त्यांना सवलती देऊन, वेगळ्या धर्मपंथाची मोकळीक देऊन. त्यांनी बांध उभे केले हेही खरं. पण ज्यांची आईबापं त्याच मातीत बुडाली ते आपल्याच गावात मजूर झाले. हाइमराइख तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. त्याने हे डोळ्यांनी पाहिलेलं, ऐकीव नाही.

काका काही बोलले नाहीत. उठून आतल्या फळीवरून एक वही काढून आणली. लांबट, लाल कापडाची, दुकानदार रोजकीर्दीला वापरतात तशी. तिच्या पानांच्या कडेला, खालून साधारण दोन तृतीयांशापर्यंत, एक तपकिरी रेघ होती. पानशेत.

पुणेकरांना सांगायला नको, १२ जुलै १९६१, सकाळी पानशेत फुटलं आणि दुपारी खडकवासला. काका तेव्हा पहिलीत होते. नारायण पेठ नदीकाठचीच, दुकान, घर सगळं पाण्याखाली. पूर ओसरल्यावर आसपासच्या पेठांतले दुकानदार चिखलात भिजलेल्या चोपड्या पोत्यात भरून काकांच्या वडिलांकडे आणायला लागले, कारण उधारी, देणी, घेणी सगळं त्यातच. वडिलांचं स्वतःचं सामान गेलेलं, पण हातात कसब होतं. काका सांगत होते की भिजलेली वही कधीही लगेच उघडायची नाही, पानं एकमेकांना चिकटलेली असतात, ओढली की अक्षरासकट साल निघते. आधी स्वच्छ पाण्यात चिखल जाऊ द्यायचा, मग दाबून पाणी काढायचं, मग दर थोड्या पानांमधे रद्दी घालायची, ती दर काही तासांनी बदलायची, आणि उन्हात कधीच नाही, सावलीत वाऱ्यावर. गच्चीवर चादरी बांधून सावली केली होती म्हणे, आणि पहिलीतल्या मुलाचं काम काय, तर रद्दी बदलायची. ही एक वही न्यायला कुणी आलंच नाही. मालक गोखलेनगरला पूरग्रस्तांसाठी उभारलेल्या निसेन हटमधे गेले की गाव सोडून गेले, कळलं नाही. तेव्हापासून ती फळीवर आहे, वडिलांनी परत शिवून, नवीन कापड घालून ठेवलेली.

मी ती वही उघडून पाहिली. नावं आणि आकडे. कुणाचे साडेसात रुपये, कुणाचे तीन रुपये चार आणे.

हाइमराइखच्या पुस्तकात मला जे सगळ्यात जास्त धरून ठेवतं ते हेच आहे. तो पाद्री आहे, त्यामुळे पूर म्हणजे देवाचा कोप, माणसांच्या पापाची शिक्षा, हे तो पानोपानी सांगतो. १३६२ च्या जानेवारीतल्या पुरात बुडालेल्या रुंगहोल्ट गावाची गोष्ट त्याने अशीच लिहिलीय, की माजलेल्या लोकांनी डुकरिणीला दारू पाजून, टोपी घालून पलंगावर झोपवलं आणि आजारी माणूस आहे, शेवटचा संस्कार करा म्हणून पाद्र्याला बोलावलं, त्याने नकार दिल्यावर त्याचे हाल केले, त्याने देवाकडे गाऱ्हाणं केलं आणि रात्रीत गाव गेलं. आज आपल्याला माहितीये की त्या भागात लोक जमिनीखालचं खारं पीट म्हणजे दलदलीतली कुजकी माती खणून, जाळून त्यातून मीठ काढायचे, त्यामुळे बांधामागची जमीन खचत खचत समुद्राच्या पातळीखाली गेली होती. पण गोष्ट आकाराने इतकी पक्की आहे की किनाऱ्यावरचे लोक ती आजही सांगतात. आणि रुंगहोल्ट काल्पनिक असं कितीतरी लोक म्हणायचे, मग १९२१ पासून आंद्रेआस बुश नावाच्या नॉर्डश्ट्रांडच्या एका शेतकऱ्याने ओहोटीच्या वेळी चिखलात चालून चालून बांधांचे आणि पाण्याच्या दारांचे अवशेष शोधले, आणि २०२३ मधे संशोधकांना तिथेच चिखलाखाली ४० मीटर लांब, १५ मीटर रुंद चर्चचा पाया सापडला. म्हणजे बखरकार गोष्ट रंगवून सांगत होता पण गाव खोटं सांगत नव्हता. आपल्या बखरींबद्दलही मला अगदी असंच वाटतं, तपशील तपासून घ्या पण फेकून देऊ नका.

त्याच्याकडेच ती रिझुमच्या बांधावरच्या मुख्याची गोष्ट पण आहे, ज्याने नवा बांध पुरा झाल्यावर फावडं रोवून समुद्राला आव्हान दिलं, "आता ये, ब्लांके हान्स!" ब्लांके हान्स म्हणजे तिकडचे लोक खवळलेल्या उत्तर समुद्राला ज्या नावाने हाक मारतात ते. हाइमराइखला तो उद्धटपणा वाटतो. मला मात्र तो माणूस डोळ्यापुढे दिसतो, वर्षानुवर्षं माती वाहून थकलेला, एकदाचं काम झालं म्हणून मोठ्याने ओरडलेला.

माझं मत विचाराल तर रुंगहोल्ट लिहिताना तो प्रवचन करतो, कारण ते त्याच्या जन्माच्या अडीचशेच्या वर वर्षं आधीचं. १६३४ ला आला की त्याची लेखणी बदलते. देवाचा कोप आहेच, पण त्याच्या बरोबरीने हिशेब येतो. ज्याने स्वतःची माणसं गमावलीयत तो असाच लिहितो असं मला वाटतं, आधी मोजून घेतो, कारण मोजलं नाही तर तेही राहणार नाही.

हे सगळं मी काकांना त्याच दिवशी सांगितलं असं नाही, चार फेऱ्यांमधे सांगितलं, आणि चौथ्या फेरीला त्यांनीच त्यांच्या मुलाला बोलावून "हे ऐक" म्हणून बसवलं. दादा बँकेत आहे, शनिवार-रविवार दुकानात असतो. पुढे दुकान चालवणार का असं मी विचारलं नाही, तो प्रश्न त्यांना सगळेच विचारत असणार.

आता पुस्तक हातात आहे त्याबद्दल. दोन भाग, दोन वेगळी पुस्तकं केली, एकच केलं असतं तर कण्यावर ताण आला असता. टेबलावर कुठल्याही पानावर उघडा, सपाट राहतं, हाताने किंवा पेपरवेटने दाबून धरावं लागत नाही, भाषांतर करणाऱ्याला याची किंमत कळेल, कारण एक हात कीबोर्डवर असतो. कण्याजवळचं शेवटचं अक्षर पूर्ण दिसतं. फ ची ती केसाएवढी रेघ दिसते. पान उलटताना आवाज होत नाही, मऊ पडतं, तो कागदाच्या दिशेचा परिणाम. कण्यावर सोनेरी अक्षरात नाव घालायचं होतं, काकांकडे देवनागरीचे जुने खिळे आहेत, फार सुंदर वळणाचे, म्हणून मी देवनागरीतच घ्यायचं ठरवलं, "हाइमराइख: उत्तर फ्रिसियाची बखर", भाग १ आणि भाग २. निळ्या कापडावर ते इतकं शोभतंय की घरी येणारा प्रत्येक जण आधी तेच उचलतो.

खर्च असा झाला: कागद आणि छपाई धरून १,३५०, बांधणी दोन्ही भागांची १,२००, सोनेरी अक्षरांचे १५० वेगळे. एकूण २,७००. ऑनलाइन मागवलेल्या एका भागाला मी जे घालवले त्याच्याशी ताडून बघा.

तक्रारी आहेत आणि त्या लिहायलाच हव्यात. आठ दिवस सांगून एकोणीस दिवस लागले. मधे दोनदा मी उगाच हेलपाटा मारला, फोन केला असता तर वाचला असता, पण काका काम करताना फोन उचलत नाहीत, संध्याकाळी सातनंतर उचलतात. पहिल्या भागाच्या कण्यावर आधी "हाइमराइक" पडलं होतं, ख च्या जागी क. मी दाखवल्यावर त्यांनी वाद घातला नाही, ती कापडाची पट्टी काढून नवीन लावली, पैसे घेतले नाहीत, पण त्यात अजून तीन दिवस गेले. आणि दुसऱ्या भागाची वरची कड पहिल्यापेक्षा साधारण दोन मिलिमीटर कमी कापली गेलीय, शेजारी उभे ठेवले की कळतं. मला त्याचा त्रास नाही, ज्यांना असेल त्यांनी दोन्ही भाग एकदम कापायला आधीच सांगावं. ऑनलाइन पेमेंट नाही, रोख न्या. दुपारी १ ते ४ बंद. गाडी लावायला जागा शून्य, नदीपात्राच्या बाजूला लावून चालत आलेलं बरं.

काय द्यावं आणि काय देऊ नये: सुट्या पानांचा थीसिस दोन दिवसांत हवा असेल तर इथे जाऊ नका, ते काम ते घेतात पण त्यांचं मन त्यात नसतं आणि तुमचीही घाई, दोघांनाही त्रास. आजोबांची पोथी, जुनी ज्ञानेश्वरी, फुटलेला शब्दकोश, घरातल्या हस्तलिखित वह्या, ही त्यांची कामं. जुनं पुस्तक देताना सेलोटेप लावलेली असेल तर तशीच द्या, स्वतः काढायला जाऊ नका. माझ्यासमोर एक आजी सासूबाईंची पाककृतींची वही घेऊन आल्या होत्या, निम्मी पानं तेलाने पारदर्शक झालेली, काकांनी एकेक पान टिश्यूवर चढवून घेतलं आणि त्यांना सांगितलं की आता ही वही स्वयंपाकघरात न्यायची नाही, लागेल ते पान झेरॉक्स करून न्यायचं. मे आणि जूनमधे तर जाऊच नका, शाळा-कॉलेजच्या लायब्ऱ्यांची थोक कामं असतात, तेव्हा तुमच्या एका पुस्तकाला कोण विचारणार. दिवाळीनंतर ते होळीपर्यंत उत्तम, हवा कोरडी असते आणि खळ नीट वाळते.

निघताना त्यांनी दोन्ही भागांबरोबर वेखंडाच्या दोन छोट्या पुरचुंड्या दिल्या आणि बजावलं: पहिले तीन महिने पुस्तक आडवं ठेवा, वर दुसरं जड पुस्तक, प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नाही, पावसाळ्यात महिन्यातून एकदा पंख्याखाली पानं मोकळी करा. आणि सगळ्यात खालच्या फळीवर ठेवू नका. नारायण पेठेत राहता ना, म्हणाले, वरच्या फळीवर ठेवा.